सर्पगंधेपासून डोपामीनपर्यंत

१९५७ सालची गोष्ट. स्वीडन देशाच्या दक्षिण टोंकाशीं लुंद नांवाचें विद्यापीठाचें गांव आहे. तेथील औषधिविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत कांहीं ससे निपचित पडलेले होते. कान खालीं पडलेले, पापण्या अर्धवट मिटलेल्या. ढकलले तरी जागचे हालत नव्हते. त्यांना कोणताहि रोग झालेला नव्हता. हिंदुस्थानांत उगवणाऱ्या एका झुडुपाच्या मुळींतून काढलेलें द्रव्य त्यांना टोंचलेलें होतें, इतकेंच. मग संशोधकांनीं दुसरें एक द्रव्य त्यांच्या अंगांत टोंचलें. पंधरा मिनिटांच्या आंत तेच ससे कान उभारून बसले आणि जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें फिरूं लागले.

श्रोतेहो, या पंधरा मिनिटांच्या आधींचा आणि नंतरचा इतिहास हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मी वैद्य नाहीं. रसायनशास्त्रज्ञ तर नाहींच. मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर मुलांना इतिहास व मराठी शिकविलेला मी एक निवृत्त शाळामास्तर. तेव्हां हा गृहस्थ सशांच्या मेंदूंत कोठें शिरला, असें आपणांपैकीं कोणाच्या मनांत आलें तर तें रास्तच आहे. त्याचें कारण सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे.

माझ्याबरोबर काम करणारे एक गणिताचे मास्तर होते. अक्षर असें कीं, फळ्यावरचें पुसणें मुलांच्या जिवावर येई. पन्नाशीच्या सुमारास त्या अक्षरांत फरक पडूं लागला. ओळीच्या आरंभीं अक्षर ठीक असे, आणि शेवटाकडे जातां जातां तें मुंगीएवढें होई. वर्गावर येण्यास त्यांना उशीर होऊं लागला. चालतांना उजवा हात अंगाला चिकटल्यासारखा राही. चेहऱ्यावर राग नाहीं, लोभ नाहीं, कांहींच उमटेना. हाताला कंप म्हणाल, तर तो तेव्हां नव्हताच. मीं मुख्याध्यापकांना सांगितलें कीं, मास्तर आतां कामांत अंग चोरूं लागले आहेत. माझ्या शब्दाला शाळेंत थोडें वजन होतें. त्यांचे वरचे वर्ग काढून घेण्यांत आले. पुढें दोन वर्षांनीं निदान झालें तें कंपवाताचें, म्हणजे १८१७ सालीं लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरानें ज्याचें नीट वर्णन केलें त्या रोगाचें. मी ज्याला आळस म्हणत होतों तो मेंदूंतील एका द्रव्याचा तुटवडा होता. हें द्रव्य कोणतें, तें कोणीं व कसें शोधून काढलें, हें जाणून घेण्याची ओढ मला तेव्हांपासून लागली. ती जिज्ञासा होती, तितकीच टोंचणीहि होती.

कथेचा आरंभ आपल्याच देशांत होतो. सर्पगंधा हें लहानसें झुडूप. सर्पविषावर, तापावर आणि वेडावर त्याची मुळी देण्याची चाल फार जुनी आहे. बिहारांत तर तिला ‘पागल की दवा’ असेंच नांव होतें. गोव्यास राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं तेथेंच छापविलेल्या आपल्या ग्रंथांत सर्पविषावरील औषधी मुळ्यांचें वर्णन केलें आहे, आणि त्यांतील एक सर्पगंधाच असावी असें अनेक वनस्पतिज्ञ मानतात. युरोपीय वनस्पतिशास्त्रानें मात्र या झाडाला नांव दिलें तें राउवोल्फ या सोळाव्या शतकांतील जर्मन वैद्याचें. बिचारा हिंदुस्थानांत कधीं आलाच नव्हता! नांवांची वांटणी इतिहासांत पुष्कळ वेळां अशीच होते, आणि पुढेंहि याच कथेंत आपल्याला त्याचा प्रत्यय येणार आहे.

१९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं या मुळीचा उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर होणारा गुण नव्या वैद्यकाच्या भाषेंत मांडला. त्याच वर्षीं दिल्लीस सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनीं मुळींतील कांहीं द्रव्यें शुद्ध रूपांत वेगळीं केलीं आणि त्यांतील एकास हकीम अजमल खान यांच्या नांवावरून ‘अजमलीन’ असें नांव दिलें. पण पाश्चात्त्य जगाचे कान उघडले ते मुंबईच्या एका डॉक्टरामुळें. हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. तेथून सूत्रें भराभर हाललीं. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर व बाइन या संशोधकांनीं मुळींतील खरें प्रभावी द्रव्य, रेसर्पीन, वेगळें काढलें. १९५४ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील एका वेड्यांच्या इस्पितळांत नेथन क्लाइन यांनीं तें मनोरुग्णांना देऊन पाहिलें. चवताळलेले रोगी शांत झाले. १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक ज्यांना देण्यांत आलें त्यांत क्लाइन यांच्याबरोबर आपले डॉ. वकीलहि होते.

हें झालें, परंतु रेसर्पीन मेंदूंत जाऊन करतें तरी काय?

येथें थोडें शास्त्र सांगणें भाग आहे. मला जसें समजलें तसें सांगतों. मेंदू हा अब्जावधि मज्जापेशींचा बनलेला आहे. एक पेशी दुसरीला बहुतेक ठिकाणीं चिकटलेली नसते. दोहोंच्या मध्यें मिलिमीटराच्या सुमारें पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. निरोप पोहोंचवावयाचा झाला म्हणजे पहिली पेशी त्या फटींत एखादें रासायनिक द्रव्य सोडते. पलीकडच्या पेशीच्या अंगावर त्या द्रव्याच्या बेताचीं जणूं कुलपें बसविलेलीं असतात. द्रव्य ही किल्ली. किल्ली कुलपांत बसली कीं, पलीकडची पेशी चेतते किंवा शांत होते. या कुलपांना आपण ‘ग्राहक’ म्हणूं. ‘ग्राहक’ असले पाहिजेत ही कल्पना केंब्रिजच्या लँग्ले यांनीं १९०५ सालींच मांडली होती. मात्र ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळें अर्धें शतकभर ती कल्पनाच राहिली. किल्ल्या पेशीच्या टोंकाशीं बारीक पिशव्यांत, आपल्याकडे धान्य पेवांत भरून ठेवतात तशा, सांठविलेल्या असतात. रेसर्पीन ही पेवें रिकामीं करतें. १९५५ सालीं अमेरिकेंत बेथेस्डा येथें बर्नार्ड ब्रॉडी व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, रेसर्पीन दिल्यावर मेंदूंतील सेरोटोनीन नांवाचें द्रव्य जवळजवळ नाहींसें होतें. कोणत्याहि औषधाचा स्वभावावरील परिणाम आणि मेंदूंतील एखाद्या द्रव्याचें प्रमाण यांचा असा सरळ सांधा जुळण्याचा तो अगदीं आरंभींचा प्रसंग होता.

त्याच सुमारास ब्रॉडींच्या प्रयोगशाळेंत एक स्वीडिश तरुण कांहीं महिन्यांसाठीं शिकण्यास आला. आर्व्हिड कार्लसन हें त्याचें नांव. जन्म १९२३, उप्साला येथें. वडील लुंद येथें इतिहासाचे प्राध्यापक. इतिहास सोडून मुलगा वैद्यकाकडे वळला याचें मला उगीचच वाईट वाटतें, पण तें असो. लुंद येथें त्यानें शरीरांतील कॅल्शियमवर चांगलें संशोधन केलें होतें. तथापि वरच्या जागेसाठीं अर्ज केला तेव्हां, औषधिविज्ञानांत या विषयाला भवितव्य नाहीं असा शेरा तज्ज्ञसमितीनें मारला आणि जागा दुसऱ्यास मिळाली. नाउमेद न होतां त्यानें विषय बदलला व तो ब्रॉडींकडे गेला. तेथें एक नवें यंत्र होतें: द्रव्यावर प्रकाश टाकून त्यापासून परत येणाऱ्या चकाकीवरून त्याचें अगदीं सूक्ष्म प्रमाण मोजणारें. तें चालविण्याची विद्या कार्लसननें हस्तगत केली. रेसर्पीन सेरोटोनीन घालवितें, तर दुसरींहि द्रव्यें घालवीत नसेल कशावरून, असा प्रश्न त्यानें गुरूला विचारला. ब्रॉडींना त्यांत वेळ घालविण्याजोगें कांहीं दिसलें नाहीं. कार्लसननें वाद घातला नाहीं. तो स्वदेशीं परतला आणि नील्स ओके हिलार्प या सहकाऱ्याच्या साह्यानें त्यानें तोच प्रश्न प्राण्यांना विचारला. उत्तर स्पष्ट मिळालें. नॉरॲड्रिनॅलीन हें दुसरें द्रव्यहि रेसर्पीननें नाहींसें होत होतें.

मग आले ते ससे. विचार असा होता: पेव रिकामें झाल्यामुळें जनावर निपचित पडलें असेल, तर पेव पुन्हां भरलें असतां तें उठलें पाहिजे. परंतु हीं द्रव्यें रक्तांत टोंचलीं तरी मेंदूंत शिरत नाहींत. मेंदूभोंवतीं एक प्रकारची तटबंदी आहे. त्यांचा कच्चा माल मात्र ही तटबंदी ओलांडून आंत जातो. सेरोटोनीनचा कच्चा माल दिला; ससे उठले नाहींत. नॉरॲड्रिनॅलीनचा कच्चा माल म्हणजे डोपा. तो दिला, आणि मघां सांगितलेला चमत्कार घडला.

दुसरा कोणी असता तर येथें थांबून टाळ्या घेता. कार्लसन व त्यांचे सहकारी लिंडक्विस्ट आणि मॅग्नुसन यांनीं उठलेल्या सशांचे मेंदू तपासले, आणि ते चकित झाले. मेंदूंत नॉरॲड्रिनॅलीन परत आलेलेंच नव्हतें! मग जनावर उठलें कशानें? डोपापासून नॉरॲड्रिनॅलीन बनतांना वाटेंत डोपामीन नांवाचा एक टप्पा लागतो. तोंवर सर्वांची समजूत अशी कीं, डोपामीन म्हणजे नुसतें वाटेवरचें ठाणें; त्याला स्वतःचें कांहीं काम नाहीं. कार्लसन यांनीं तें मोजण्याची रीत बसविली आणि १९५८ सालीं दाखवून दिलें कीं, डोपामीन मेंदूंत भरपूर असतें, रेसर्पीननें तें जातें आणि डोपानें परत येतें. मेंदूंत डोपामीन असतें हें इंग्लंडांत कॅथलीन माँटेग्यू या बाईंनीं १९५७ सालींच नोंदविलें होतें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. पाठोपाठ लुंद येथेंच बर्टलर व रोझेनग्रेन यांनीं हुडकून काढलें कीं, मेंदूंतील बहुतेक डोपामीन हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या एका खोल भागांत एकवटलेलें आहे. रेसर्पीन दिलेला ससा आणि कंपवाताचा रोगी यांतील साम्य आतां डोळ्यांत भरण्यासारखें होतें, आणि कार्लसन यांनीं तें बोलूनहि दाखविलें.

एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. आमच्या कोंकणांत पावसाळ्यानंतर कुंपणावर खाजकुइलीच्या शेंगा लोंबतात. वात्रट मुलें त्यांची कूस दुसऱ्याच्या सदऱ्यांत टाकतात, आणि आम्ही मास्तर त्यांना छड्या मारीत असूं. याच खाजकुइलीच्या बियांत डोपा भरपूर असतें, आणि तें १९३७ सालीं मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी या दोघांनीं शुद्ध रूपांत काढून दाखविलें होतें. म्हणजे निजविणारी मुळी आपल्या रानांत होती आणि उठविणारें बीं आपल्या कुंपणावर. वैद्यांनीं हें बीं वातावर दिलेंहि आहे. दोहोंचें नातें मात्र सशांनीं सांगितलें. (कोणीं हें ऐकून बिया कुटून खाऊं नयेत, प्रमाण चुकलें तर अपाय होतो.)

मार्च १९६० मध्यें लंडन येथें या द्रव्यांवर एक मोठी परिषद भरली. अध्यक्षस्थानीं ऐंशी ओलांडलेले सर हेन्री डेल होते. मज्जातंतूंचा निरोप रसायनांनीं पोहोंचतो हें ज्यांनीं सिद्ध केलें व त्यासाठीं १९३६ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें, तेच हे डेल. कार्लसन यांनीं आपलें म्हणणें मांडलें. सभेचा सूर असा पडला कीं, डोपा हें एक विषच असावें, आणि या द्रव्यांचा मेंदूच्या व्यवहाराशीं संबंध जोडणें घाईचें आहे. ज्या माणसानें शरीराच्या बाबतींत रासायनिक निरोपाचें सत्य पुढें आणलें, त्यालाच तें मेंदूच्या बाबतींत पटूं नये! याबद्दल मी डेल यांना फार दोष देत नाहीं. म्हातारपणीं आपण शिकविलेला धडा दुसऱ्यानें पुढें चालविला कीं तो ओळखूं येत नाहीं. हा अनुभव मलाहि आहे.

परंतु व्हिएन्नांत एक माणूस स्वस्थ बसला नव्हता. ओलेह होर्निकिएविच यांनीं एहरिंगर या सहकाऱ्यासह कंपवातानें मेलेल्या रोग्यांचे मेंदू मिळवून तपासले. निरोगी मेंदूच्या अर्कांत डोपामीनचा गुलाबी रंग उमटे. रोग्यांच्या अर्कांत तो जवळजवळ उमटेचना. तुटवडा साध्या डोळ्यांनीं दिसला. १९६० सालीं हें प्रसिद्ध झालें, आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं डॉ. बिर्कमायर यांना रोग्यांवर डोपा टोंचून पाहण्यास राजी केलें. अंथरुणास खिळलेले रोगी उठून बसले. बसलेले उभे राहिले. उभे राहूं शकणारे चालूं लागले. परिणाम थोडेच तास टिके. १९६७ सालीं अमेरिकेंत जॉर्ज कोट्झियस यांनीं तें तोंडावाटें, हळूहळू वाढवीत, मोठ्या प्रमाणांत देण्याची रीत बसविली, आणि तेव्हांपासून तें जगभर रोग्यांच्या उपयोगीं पडूं लागलें.

एवढ्यावर कार्लसन यांचें नांव अमर झालें असतें. मला मात्र त्यांचें याहून बुद्धीचें काम १९६३ सालचें वाटतें. १९५२ पासून पॅरिसच्या डॉक्टरांनीं क्लोरप्रोमेझीन हें औषध उन्मादावर वापरण्यास आरंभ केला होता. त्याचा परिणाम रेसर्पीनसारखाच. पण गंमत अशी कीं, त्यानें पेवें रिकामीं होत नव्हतीं. मग तें काम कसें करतें? कार्लसन व लिंडक्विस्ट यांनीं उंदरांना तें दिलें आणि किल्ल्या न मोजतां किल्ल्या मोडून झालेला चुरा मोजला. चुरा वाढलेला होता. म्हणजे पेशी नेहमींपेक्षां अधिक किल्ल्या बाहेर टाकीत होती. कां? त्यांनीं तर्क केला: औषध पलीकडच्या कुलपांतच अडकून बसत असावें, निरोप पोहोंचत नाहीं असें पाहून अलीकडची पेशी अधिक जोरानें हांका मारीत असावी. वर्गांतील मुलांनीं कानांत बोळे घातले तर शिपाई घंटा अधिकच बडवितो, तसें. पेशीला पलीकडची खबर लागते आणि ती आपलें काम त्या बेतानें कमीजास्त करते, हा विचार त्यांत नवा होता. ग्राहक कोणीं पाहिलेला नसतां केवळ चुऱ्यावरून त्याच्या दाराशीं कोण बसलें आहे हें ओळखणें, यास मी इतिहासकाराची बुद्धि म्हणतों. बापाचा वारसा अगदींच वायां गेला नव्हता.

तर्क खरा ठरण्यास बारा वर्षें लागलीं. किरणोत्सर्गी खूण लावलेलें औषध मेंदूच्या कुटलेल्या पेशींवर टाकून तें कोठें चिकटतें हें पाहण्याची युक्ति निघाली होती. तिनेंच १९७३ सालीं बाल्टिमोर येथें सॉलोमन स्नायडर व कँडेस पर्ट यांना अफूचा ग्राहक सांपडला. १९७५ सालीं टोरांटो येथील फिलिप सीमन यांनीं आणि लगोलग स्नायडर यांच्या मंडळींनीं डोपामीनच्या ग्राहकाची तशीच गांठ घेतली. उन्मादावरील जें औषध या कुलपांत जितकें घट्ट बसतें तितकी त्याची मात्रा कमी लागते, असें प्रमाण जुळलें. पुढें १९७९ सालीं या ग्राहकांचे दोन प्रकार केले गेले. आज पांच ओळखले जातात.

या ज्ञानानें पुष्कळांचें भलें झालें, आणि त्याबरोबर एक अवघड प्रश्नहि आला. उन्मादावर कुलपें बंद करणारें औषध फार दिलें तर रोग्याला कंपवातासारखाच ताठरपणा येतो. उलट कंपवातावर कुलपें उघडणारीं औषधें घेतांना जन्मांत पत्त्याला हात न लावलेला एखादा रोगी जुगार खेळूं लागतो, आणि औषध कमी केल्यावर तें वेड ओसरतें. अशा रोग्याच्या बायकोनें कोणाला बोल लावावा? आम्हीं शाळांतून उद्योग, संयम, निश्चय हे गुण शिकविले. ते सर्व एखाद्या द्रव्याचे खेळ आहेत असें मी मानीत नाहीं. स्वतः कार्लसन यांचीं औषधेंहि त्यांना सदैव अपेक्षित फळ देतीं झालीं असें नाहीं. सेरोटोनीन वाढवून खिन्नता घालविणारें झिमेल्डीन हें औषध त्यांच्या खटपटीनें निघालें व १९८२ सालीं स्वीडनांत विक्रीस आलें. त्यानें कांहीं रोग्यांना मज्जातंतूंचा गंभीर विकार झाल्याचें दिसतांच पुढच्याच वर्षीं तें मागें घ्यावें लागलें. त्याच जातीचीं पुढचीं औषधें मात्र जगभर चाललीं. तरीहि एवढें मी आतां मानतों कीं, कोणाचा हात मंद चालतो एवढ्यावरून त्याच्या मनाचा निकाल देण्याचा अधिकार मला नव्हता.

२००० सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक कार्लसन यांना पॉल ग्रीनगार्ड व एरिक कँडेल यांच्याबरोबर मिळालें. होर्निकिएविच यांना वगळलें गेलें, तेव्हां दोनशेंहून अधिक मज्जाशास्त्रज्ञांनीं जाहीर पत्र काढून निषेध केला. माझें मत विचाराल तर तो निषेध योग्य होता. सशावरून रोगाचा तर्क करणें वेगळें, आणि मेलेल्या रोग्याच्या मेंदूंत तो तुटवडा दाखवून जिवंत रोग्याला उठवून बसविणें वेगळें. कार्लसन २०१८ सालीं पंचाण्णव वर्षांचे होऊन वारले. होर्निकिएविच २०२० सालीं.

आमच्या गणिताच्या मास्तरांना डोपाच्या गोळ्यांनीं बरीच वर्षें चांगलें चालतां आलें. पुढें गोळीचा अंमल तुटक होऊं लागला. अंमल असेपर्यंत हालचाल, तो उतरला कीं ताठरपणा. ही हकीकत वाचून झाल्यावर मी एका सकाळीं त्यांच्या घरीं गेलों, मुख्याध्यापकांपाशीं मीं काय बोललों होतों तें त्यांना सांगितलें आणि क्षमा मागितली. त्यांचा चेहरा दगडासारखा राहिला. मी उठूं लागलों तेव्हां ते अगदीं बारीक आवाजांत म्हणाले, “बसा, मास्तर. गोळी आतांच घेतली आहे. हसूं यायला अजून अर्धा तास लागेल.”

मी बसून राहिलों.